फाटक उघडल्यानंतरचे चौदा दिवस

समजा, एक माणूस सहा वर्षं आत काढून आज सुटतोय. सकाळी नाव पुकारलं जातं, दोन-तीन ठिकाणी सह्या होतात, आणि अटकेच्या दिवशी अंगावर असलेले कपडे एका पिशवीतून परत मिळतात. ते आता सैल तरी होतात किंवा घट्ट तरी. पिशवीत पाकीट असतं, पाकिटात मुदत संपलेलं ओळखपत्र. मोबाइल असतो, पण तो चालू होत नाही, आणि झालाच तरी त्यातलं सिमकार्ड केव्हाच बंद पडलेलं असतं. मग मोठ्या फाटकातलं छोटं दार उघडतं आणि तो रस्त्यावर येतो. रस्ता ओलांडायला त्याला वेळ लागतो. गाड्यांच्या वेगाचा अंदाजच येत नाही, कारण इतक्या वर्षांत भिंतीपलीकडचं, लांबून वेगानं जवळ येणारं असं काही त्याच्या नजरेला पडलेलंच नसतं.

आता आजचा वार शुक्रवार आहे असं धरा. त्याला आजच्या आज प्रोबेशन अधिकाऱ्यापुढे, म्हणजे सुटलेल्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, हजेरी लावायची आहे, रात्रीच्या मुक्कामाचं बघायचं आहे, रोजची गोळी लिहून घ्यायला डॉक्टर गाठायचा आहे आणि मदतीचा अर्जही भरायचा आहे. चार कामं, चार ठिकाणी. संध्याकाळी कचेऱ्यांना कुलपं लागली की सोमवारपर्यंत कुणी भेटणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही अडचण इतकी नेहमीची झाली होती की २०२३ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. सुटका शुक्रवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी येत असेल, तर आता तिथे माणसाला दोन दिवसांपर्यंत आधी सोडता येतं. कायदा दोन-चार कलमांचाच आहे, पण मला तो फार मोलाचा वाटतो. सुटणाऱ्या माणसाचा तो एक दिवस कुणीतरी त्याच्या जागी उभं राहून, घड्याळ समोर ठेवून पाहिला, तेव्हा कुठे तो झाला.

कैद्यांच्या सुधारणेचा विषय निघाला की आपण लगेच हृदयपरिवर्तनावर येतो. या लेखात त्याबद्दल फारसं काही नाही. तुरुंगात कोणते कार्यक्रम चालतात, त्यातले कोणते खरंच उपयोगी पडतात, सुटकेआधी काय तयारी लागते आणि बाहेर आल्यावर माणूस नेमका कुठे अडकतो, एवढंच इथे सांगायचं आहे. ज्यांचं कुणी आत आहे त्यांच्यासाठी, या कामात स्वयंसेवक म्हणून उतरायचं मनात आहे त्यांच्यासाठी, आणि या सगळ्याशी आपला काय संबंध असं वाटणाऱ्यांसाठीही. जगभरच्या तुरुंगांत आजच्या घडीला १ कोटीहून जास्त माणसं आहेत आणि त्यातली बहुतेक कधी ना कधी बाहेर येणार आहेत. ती येतील तेव्हा आपल्याच गल्लीत, आपल्याच बसमध्ये असतील.

पहिले दोन आठवडे

२००७ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तुरुंगातून सुटलेल्या ३०,००० हून अधिक लोकांच्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिल्या होत्या. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचं प्रमाण राज्यातल्या इतर लोकांच्या तुलनेत जवळजवळ १३ पट निघालं. नशेच्या अतिरेकानं होणाऱ्या मृत्यूंपुरतं बोलायचं तर १२९ पट.

असं का होतं? आत असताना नशा सुटलेली किंवा कमी झालेली असते, त्यामुळे शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच ठिकाणी जातो, जुनेच सोबती भेटतात आणि तो जुन्याच मापानं घेतो. पूर्वी पचणारी मात्रा आता जीव घेते. हे कळायला अवघड नाही, पण सुटकेच्या दिवशी त्याला हे कुणी समोर बसवून सांगितलेलं नसतं. स्कॉटलंडनं २०११ साली देशभर एक योजना सुरू केली. नॅलॉक्सोन नावाचं औषध अफूच्या जातीच्या नशेचा अंमल तात्पुरता उतरवतं, माणसाचा श्वास परत आणतं. ते कसं द्यायचं हे धोका असलेल्या लोकांना शिकवून औषधाची पेटी त्यांच्या हाती द्यायची, आणि तुरुंगातून बाहेर पडणाऱ्यालाही ती सोबत द्यायची, अशी ती योजना. ज्याला ही पेटी मिळते त्यानं ती कुठे ठेवली आहे हे घरच्यांनाही माहीत हवं, कारण बेशुद्ध माणूस स्वतःला औषध देऊ शकत नाही.

नशेचा प्रश्न नसला तरी हेच दिवस नाजूक असतात. मधुमेह, फेफरं, मानसिक आजार यांची औषधं आत वेळेवर हातात मिळत होती, बाहेर ती स्वतः मिळवावी लागतात. एक आठवडा खंड पडला की तब्येत घसरते, पाठोपाठ झोप जाते, चिडचिड वाढते, हजेरी चुकते. माणूस पुन्हा आत जातो तेव्हा कागदावर ‘अटींचा भंग’ असं लिहिलेलं असतं. संपलेल्या गोळ्यांचा त्यात उल्लेख नसतो.

नियम काय सांगतात

कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांनी घालून दिले आहेत. ते पहिल्यांदा १९५५ मध्ये जिनिव्हात ठरले, मग २०१५ मध्ये सुधारून नव्यानं मंजूर झाले. सत्तावीस वर्षं कैदेत काढलेल्या नेल्सन मंडेलांचं नाव त्यांना दिलं आहे. असे एकूण १२२ नियम आहेत. मारहाण करू नका, सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतकोठडी देऊ नका, असे मोठे नियम त्यात आहेतच. पण माझं लक्ष नेहमी १०८व्या नियमाकडे जातं. सुटणाऱ्याजवळ योग्य कागदपत्रं आणि ओळखीचे दाखले असावेत, जायला घर आणि करायला काम असावं, अंगावर हवामानाला साजेसे धड कपडे असावेत, मुक्कामाला पोचण्यापुरते आणि पुढचे थोडे दिवस निघतील इतके पैसे असावेत, असं तो सांगतो. त्याच्या आधीचा, १०७वा नियम म्हणतो की सुटकेनंतरचा विचार शिक्षेच्या सुरुवातीपासूनच व्हायला हवा.

या दोन नियमांत सगळं काम आलं. बहुतेक ठिकाणी होतं ते याच्या उलट. सुटकेला महिना राहिला की धावपळ सुरू होते, आणि ओळखपत्राचा अर्ज करायला जन्मदाखला लागतो, जन्मदाखल्याला ओळखपत्र लागतं, या चक्रातच तो महिना निघून जातो. हातखर्चाची गोष्टही तशीच. कॅलिफोर्नियात सुटणाऱ्याला द्यायची रक्कम १९७३ साली २०० डॉलर ठरली आणि महागाई कुठल्या कुठे गेली तरी पुढे कित्येक दशकं ती तेवढीच राहिली.

सगळ्यांना एकच औषध नको

आता आतल्या कार्यक्रमांकडे येऊ. १९७४ साली अमेरिकेत एका समाजशास्त्रज्ञानं तोपर्यंतचे २००हून अधिक अभ्यास धुंडाळून एक लेख लिहिला. त्याचा लोकांनी काढलेला अर्थ होता, ‘काहीच उपयोगी पडत नाही’. या चार शब्दांनी पुढची कित्येक वर्षं सुधारणा कार्यक्रमांचे पैसे आटवले. त्याच लेखकानं १९७९ मध्ये नव्यानं आकडे तपासून आपलं मत बरंचसं मागे घेतलं, पण तोवर शब्द सगळीकडे पोचले होते आणि दुरुस्ती कुणाच्या कानावर गेली नाही.

पुढे कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रश्नच वेगळा विचारला: कुणाला, काय, कसं दिलं तर उपयोग होतो? १९९० साली त्यांनी मांडलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. तिचे तीन भाग आहेत आणि तिन्ही समजायला सोपे आहेत.

पहिला भाग धोक्याचा. हा माणूस पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, याचा अंदाज घ्यायचा आणि जास्त धोका असलेल्यावर जास्त मेहनत घ्यायची. हे वाचताना पटतं, पण प्रत्यक्षात उलट घडतं, कारण सौम्य, ऐकणाऱ्या, वेळेवर येणाऱ्या कैद्याला कार्यक्रमात घेणं सोयीचं असतं. त्याचे आकडेही चांगले दिसतात. ओहायो राज्यातल्या निवासी केंद्रांच्या अभ्यासात दिसलं की कमी धोक्याच्या माणसाला अशा कडक कार्यक्रमात घातलं तर त्याचं उलट बिघडू शकतं. त्याची चालती नोकरी जाते, घरातली माणसं दुरावतात, आणि दिवसभर संगत मिळते ती आपल्यापेक्षा सराईत लोकांची.

दुसरा भाग गरजेचा. गुन्ह्याशी ज्यांचा थेट संबंध आहे अशा गोष्टींवर काम करायचं: नशा, बिघडलेली संगत, रिकामा वेळ, घरातले ताण, शिक्षण-नोकरी, आणि ‘जगच असं आहे, आपण तरी का सोडायचं’ ही विचाराची धाटणी. कवायत करून घेतली, शिस्त लावली, पण संगत आणि नशा तशीच राहिली, तर ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तिसरा भाग पद्धतीचा. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती पुस्तिका देऊन भागत नाही. ज्याचं चित्त दहा मिनिटंही ठरत नाही त्याला दोन तासांचं व्याख्यान झेपणार नाही. शिकवणं माणसाला पेललं पाहिजे.

घाबरवून सुधारणा होत नाही, हेही इथे सांगायला हवं. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात वाट चुकलेल्या मुलांना आत नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घ्यायची पद्धत निघाली. ती फार गाजली, ठिकठिकाणी तिची नक्कल झाली. नंतर नीट तुलना करून पाहिलं, तेव्हा असा धाक दाखवलेल्या मुलांनी न दाखवलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं निघालं. ‘एकदा तुरुंग दाखवून आणा, सरळ होईल’ असं आपल्याकडेही सहज म्हटलं जातं, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फळ्यावरचे पाच रकाने

मग चालतं काय? आतापर्यंत सगळ्यात जास्त तपासल्या गेलेल्या पद्धतींपैकी एक आहे स्वतःचा विचार तपासायला शिकवणारी, म्हणजे बोधात्मक वर्तन उपचार. नाव जड आहे, काम हलकं आहे. अशा वर्गात साधारण काय घडतं ते बघा.

दहा-बारा जण गोलात बसलेत. शिकवणारी बाई फळ्यावर पाच रकाने आखते: काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं, मी काय केलं, त्यातून काय निघालं. एक जण कालचीच गोष्ट सांगतो. नळाच्या रांगेत कुणीतरी धक्का दिला, यानं वळून गचांडी धरली, आणि आठ दिवसांची भेट बंद झाली. बाई विचारते, मनात काय आलं? तो म्हणतो, “मुद्दाम केलं त्यानं. मला कमी लेखलं.” बाई विचारते, कशावरून? तो गप्प. शेजारचा म्हणतो, “मागून कुणी ढकललं असेल.” तिसरा म्हणतो, “ओली फरशी होती, पाय घसरला असेल.” दुसऱ्या रकान्यात एका विचाराखाली आणखी दोन विचार लिहिले जातात. मग बाई तिसऱ्या रकान्याशी थांबते. कानशिलं तापली का? मूठ वळली का? ते कळलं तेव्हा किती सेकंद हातात होते? त्यानंतर दोघं उठून तीच रांग, तोच धक्का पुन्हा करून दाखवतात, पण या वेळी हात वर न करता. लाजत, हसत, दोनदा चुकत. बाई म्हणते, अजून एकदा.

एवढंच असतं ते, पण आठवड्यातून दोनदा, महिनोन्‌महिने. वाईट माणूस चांगला करण्याचा दावा त्यात नसतो. धक्का लागणं आणि हात उचलणं यांच्या मध्ये दोन-तीन सेकंदांची फट असते, ती दिसायला लागते. २००७ साली अशा कार्यक्रमांच्या ५८ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. शिकवणारा माणूस तयारीचा असेल आणि वर्ग मध्येच बंद पडत नसतील, तर फरक आणखी पडतो. वर्ग बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कैद्यांना वर्गापर्यंत घेऊन यायला शिपाईच मोकळा नसणं.

शिक्षणाचं गणित तर याहून उघड आहे. रँड या संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ३० वर्षांच्या अभ्यासांचा ताळा घेतला. आत शिकलेल्यांच्या पुन्हा तुरुंगात येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर न शिकलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी निघालं, आणि शिक्षणावर खर्च झालेल्या दर डॉलरमागे पहिल्या तीन वर्षांत तुरुंगाचा ४ ते ५ डॉलर खर्च वाचत असल्याचा अंदाज निघाला. ब्राझीलमध्ये तर वाचनालाच शिक्षेत सूट आहे. पुस्तक वाचून त्यावर लिहून दिलं की पुस्तकामागे ४ दिवस, वर्षाला जास्तीत जास्त १२ पुस्तकं, म्हणजे ४८ दिवस. नॉर्वेत तुरुंगातला शिक्षक, डॉक्टर, ग्रंथपाल हे तुरुंग खात्याचे नोकर नसतात. बाहेरच्या गावाला जी शाळा आणि जे आरोग्य खातं सेवा देतं, तेच आतही येतात. त्यामुळे माणूस सुटला तरी त्याचा शिक्षक, त्याची वैद्यकीय फाइल बदलत नाही. २०१० साली उघडलेल्या हाल्डेन तुरुंगाची स्वच्छ खोल्यांची छायाचित्रं सगळीकडे फिरतात, पण मला विचाराल तर शिकण्यासारखी गोष्ट ही आहे, आणि ती छायाचित्रात दिसत नाही.

कौशल्य शिकवताना एक प्रश्न आधी विचारायला हवा: हे काम बाहेर याला करू देतील का? कॅलिफोर्नियात कैदी वर्षानुवर्षं वणवे विझवायला जात आले आहेत. जीव धोक्यात घालून शिकलेलं हे काम बाहेर मात्र मिळत नसे, कारण अग्निशामक दलात शिरायला लागणारा वैद्यकीय परवाना गुन्ह्याच्या नोंदीमुळे अडायचा. २०२० साली तिथे कायदा झाला आणि अशा बऱ्याच जणांना नोंद पुसून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करायची वाट मिळाली. इतकी वर्षं हे कसं चाललं असेल, या विचारानं आजही वाईट वाटतं.

भेटीची वीस मिनिटं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,००० हून अधिक कैद्यांच्या भेटींच्या नोंदी तपासल्या. ज्यांना भेटायला कुणी येत होतं त्यांना नव्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी होता, आणि सुटकेच्या अटी मोडून परत येण्याचा धोका २५ टक्क्यांनी. सुटकेच्या जवळच्या काळात झालेल्या भेटींचा उपयोग जास्त. भेटायला घरचेच हवेत असंही नाही. गुरू, मित्र, धर्मोपदेशक, स्वयंसेवक यांच्या भेटींचाही फायदा दिसला.

भेटीत काय बोलावं हे मात्र कुणी शिकवत नाही. काचेपलीकडे माणूस बसलेला असतो, वेळ मोजलेली असते, आणि दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळून घेत ‘सगळं ठीक आहे’ म्हणत राहतात. माझं सांगणं असं की शेवटच्या सहा महिन्यांतल्या भेटी तरी कामाच्या बोलण्यासाठी ठेवा. तू कुठे राहणार? आमच्याकडे राहणार असशील तर किती दिवस? घरखर्च कसा वाटायचा? कुणाला भेटायचं नाही? ही बोलणी अवघड असतात आणि त्यातून भांडणही होऊ शकतं. पण ते भांडण फाटकाच्या आतच होऊन गेलेलं बरं. बाहेर पहिल्या रात्री झालं, तर तो दार आपटून जाईल आणि जायला त्याच्याजवळ एकच जागा असेल, ती जुनी.

मुलांना खोटं सांगू नका. ‘बाबा परदेशी गेलेत’ हे चार दिवस चालतं. शाळेतून खरं कळलं की बाबांवरचा राग थोडा आणि घरच्यांवरचा जास्त, असं होतं. वयाला झेपेल एवढंच सांगा, पण खरं सांगा.

बायकांचा तुरुंगवास हा तर वेगळाच विषय आहे. बायकांचे तुरुंग संख्येनं थोडे, म्हणून बहुधा घरापासून लांब, म्हणून भेटी कमी. पुरुष आत गेला तर मुलं बहुतेक वेळा आईकडे राहतात. आई आत गेली की मुलं कुणाकडे, हा प्रश्न उभा राहतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये बँकॉक नियम या नावानं ७० नियम खास यासाठी केले. घराजवळच्या तुरुंगाचा विचार व्हावा, आत घेण्यापूर्वी मुलांची सोय लावायला आईला अवधी मिळावा, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे.

बाहेर, एका माणसामागे चार अधिकारी

देखरेखीखाली सुटलेल्या माणसाला अटींचा कागद मिळतो. आठवड्यातून अमुक वेळा हजेरी, अमुक भागात जायचं नाही, रात्री अमुक वाजता घरी, नशेची तपासणी, नोकरी शोधल्याचा पुरावा. प्रत्येक अट एकेकटी वाचली तर रास्त वाटते. पण हजेरी सकाळी अकराची आणि तपासणी दुपारी दोनची, दोन्ही शहराच्या दोन टोकांना, असं असेल तर कोणता मालक त्याला दर आठवड्याला अर्धा दिवस सोडेल? म्हणून चांगला प्रोबेशन अधिकारी पहिल्या भेटीत अटींचा कागद आणि कामाचं वेळापत्रक शेजारी ठेवून बसतो. नसेल बसत, तर आपण तशी विनंती करावी, आणि लेखी करावी.

‘पुन्हा गुन्हेगारीकडे वळण्याचं प्रमाण’ म्हणून जे आकडे छापून येतात तेही याच कारणानं जपून वाचावेत. अमेरिकेतल्या ३४ राज्यांत २०१२ साली सुटलेल्यांपैकी ७१ टक्क्यांना पाच वर्षांत कधी ना कधी पुन्हा अटक झाली. पण त्या गटातल्या ज्या राज्यांची तुरुंगवासाची माहिती मिळाली, तिथे पाच वर्षांत परत तुरुंगात गेलेले ४६ टक्के होते, आणि त्यात नुसती अट मोडल्यानं गेलेलेही धरलेत. नॉर्वेचा २० टक्क्यांचा आकडा नेहमी याच्या शेजारी ठेवला जातो, पण तो दोन वर्षांतल्या नव्या शिक्षेचा आहे. अटक, शिक्षा आणि तुरुंगवास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती मोजली आणि किती वर्षं मोजली, हे विचारल्याशिवाय तुलना करू नये. शिवाय माणूस एका झटक्यात सुधारत नाही. रोज नशा करणारा आता महिन्यातून एकदा घसरत असेल, तर आकड्यात तो नापासच धरला जातो, पण त्याच्या घरात मात्र फरक जाणवत असतो.

नोकरीची भिंत सगळ्यात उंच. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तरुणांच्या जोड्या सारख्याच पात्रतेचे अर्ज घेऊन नोकऱ्या मागायला पाठवल्या होत्या, त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. गोऱ्या तरुणांना गुन्ह्याची नोंद नसताना ३४ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं, नोंद असताना १७. काळ्या तरुणांना नोंद नसताना १४ आणि नोंद असताना ५. म्हणजे कोरी नोंद असलेल्या काळ्या तरुणाला गुन्ह्याची नोंद असलेल्या गोऱ्यापेक्षाही कमी संधी मिळाली. यावर उपाय म्हणून अर्जातला ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का’ हा प्रश्नच काढून टाकण्याचा कायदा हवाई राज्यानं १९९८ मध्ये केला आणि पुढे इतर अनेक राज्यांनी त्याची वाट धरली. हेतू चांगला होता. पण न्यू यॉर्क शहर आणि न्यू जर्सीत तपासून पाहिलं तर वेगळंच दिसलं. प्रश्न नसल्यामुळे काही मालक नावावरून आणि वर्णावरूनच अंदाज बांधू लागले. एक दार उघडताना दुसरं लोटलं जातं का, हे पाहत राहावं लागतं.

शिक्षा झालेला माणूस किती वर्षं सरळ वागला की तो इतरांसारखाच धरावा, यावरही संशोधन झालं आहे. न्यू यॉर्क राज्यात १९८० साली पहिल्यांदा अटक झालेल्या तरुणांच्या नोंदी तपासल्या, तर गुन्ह्याच्या प्रकारानुसार साधारण ४ ते ८ वर्षांत त्यांचा धोका समवयस्कांच्या पातळीला आला. नोंद मात्र अनेक ठिकाणी जन्मभर चिकटलेली राहते.

सोबतीला कुणीतरी

बॉस्टन शहरात १८४१ साली जॉन ऑगस्टस नावाचा एक चांभार न्यायालयात बसला होता. दारूच्या व्यसनापायी पकडलेल्या एका माणसाला त्यानं स्वतःच्या जामिनावर सोडवून आणलं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा न्यायाधीशापुढे उभं केलं. तो माणूस इतका बदललेला होता की त्याला नाममात्र दंडावर सोडलं. ऑगस्टसनं पुढची अठरा वर्षं हेच केलं, सुमारे २,००० माणसांसाठी. प्रोबेशनची पद्धत तिथून सुरू झाली असं मानतात. त्याच्याजवळ ना खातं होतं ना पद. चामड्याचा धंदा सांभाळून तो लोकांना घर आणि काम शोधून देत फिरे.

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये १९९४ साली असंच घडलं. लैंगिक गुन्ह्याची पूर्ण शिक्षा भोगून सुटणाऱ्या एका माणसाला गावात कुणीच घ्यायला तयार नव्हतं. एका पाद्र्यानं आपल्या चर्चमधली काही माणसं गोळा केली आणि आळीपाळीनं त्याच्यासोबत राहायचं ठरवलं. आज ‘वर्तुळ’ म्हणून ही पद्धत अनेक देशांत चालते. चार ते सहा स्वयंसेवक आणि मध्ये एक माणूस. ते त्याला बँकेत नेतात, वाढदिवस लक्षात ठेवतात, आणि तो शाळेच्या आसपास रेंगाळताना दिसला तर स्पष्ट शब्दांत जाब विचारतात, गरज पडली तर पोलिसांना कळवतात. माया आणि पहारा दोन्ही तीच माणसं करतात. पीडितांचा विचार सोडून हे चालतं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पुढे कुणी पीडित होऊ नये, याच एका कारणासाठी बरेच स्वयंसेवक यात येतात.

आतही सोबत देता येते. वेल्समधल्या स्वान्सी तुरुंगात १९९१ साली समॅरिटन्स संस्थेनं काही कैद्यांनाच ऐकून घ्यायचं शिक्षण दिलं. रात्री दोन वाजता कुणाला जीव नकोसा झाला तर शेजारच्या कोठडीतला हा ‘ऐकणारा’ येऊन बसतो. आता ही पद्धत इंग्लंड-वेल्समधल्या बहुतेक तुरुंगांत पोचली आहे.

सुटकेआधी विचारून ठेवा

तुमचं कुणी सुटणार असेल तर तीन महिने आधीपासून पाठपुरावा करा. ओळखपत्राचा अर्ज कुठवर आला? औषधाची चिठ्ठी आणि किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या सोबत मिळणार का, बाहेरच्या डॉक्टरची वेळ ठरली का? अटींची छापील प्रत आधी मिळेल का, म्हणजे घरी बसून नीट वाचता येईल? पहिली रात्र कुठे? आत घेतलेल्या शिक्षणाची प्रमाणपत्रं मिळाली का, आणि त्यावर तुरुंगाचं नाव न घालता ती देता येतील का? महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून द्या. मोबाइलमधले नंबर गेलेले असतात आणि पाठ असलेले बदललेले असतात. शक्य असेल तर फाटकाशी न्यायला कुणीतरी जा. तिथे जुने सोबतीही गाडी घेऊन येऊ शकतात, त्यांच्या आधी पोचा.

एखादी संस्था मदत करते म्हणत असेल तर तिला विचारा: सुटण्याआधी आत येऊन भेटता का? सुटल्यावर किती महिने सोबत राहता? माणूस घसरला तर काढून टाकता की पुन्हा घेता? तुमच्यात स्वतः शिक्षा भोगून आलेलं कुणी काम करतं का? उत्तरं गोलमोल आली तर पुढे शोधा.

पहिल्या दिवशी घरी पाहुणे बोलावू नका. तो बंद दारापुढे उभा राहील आणि कुणीतरी उघडायची वाट पाहील, कारण इतकी वर्षं एकही दार त्यानं आपल्या हातानं उघडलेलं नसतं. संडासला जाऊ का, असं विचारेल. दिवा मालवला तर झोप लागणार नाही, कारण बराकीतला दिवा रात्रभर जळत असायचा. त्याबद्दल कुणी हसू नये, समजावत बसू नये. दिवा चालू राहू द्या. घराची एक किल्ली त्याच्या हातात द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे जाताना दाराला कुलूप त्यालाच लावू द्या.